बुरशी धरलेलं अंडं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जून महिना लागला, की द्रोणागिरीत मला येणाऱ्या फोनची तऱ्हा बदलते. उन्हाळ्यात लोक सांगतात, "घरात साप शिरलाय, लवकर या." पावसाच्या तोंडावर सांगतात, "खोदताना अंडी सापडली आहेत. लांबट, पांढरी. कोंबडीची नाहीत." आणि कुणी ती अंडी परस्पर उचलून डब्यात ठेवली असली, तर दहा-बारा दिवसांनी आणखी एक प्रश्न येतो. "अंड्यांना बुरशी आली. टाकून देऊ का?"

आज मी या शेवटच्या प्रश्नाविषयी बोलणार आहे. त्याचं उत्तर 'टाकू नका' असं आहे. पण टाकायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं, आणि मुळात ती अंडी आपल्याकडे असावीत का, हे सांगायला थोडा वेळ लागेल.

आधी आमच्या भागाविषयी. द्रोणागिरी हे उरणजवळच्या डोंगराचं नाव. सिडकोने नवी मुंबईचा एक विभाग म्हणून इथे वसाहत आखली, तिलाही तेच नाव मिळालं. बोकडविरा, फुंडे, डोंगरी, पाणजे, नवघर ही भोवतालची जुनी गावं. भातशेती, मिठागरं आणि खाडी यांवर जगलेली. भातखाचरांचे बांध, त्यात उंदरांची बिळं, बिळांमागे धामण आणि नाग, पाण्याकाठी दिवड, असा इथला जुना संसार. त्यावर भराव पडला, इमारती उठल्या. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंतची लोकल आणि शिवडीहून न्हावा-शेव्याला येणारा अटल सेतू यांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. माणसांची सोय झाली, ती हवीच होती. पण सापांना वेळापत्रक कुणी पाठवलं नाही. धामण आजही पूर्वीच्याच बांधात अंडी घालायला येते आणि नेमकं तिथेच जेसीबीचं दात असलेलं तोंड जमिनीत शिरतं.

आपल्या पूर्वजांना या गोष्टीची कल्पना होती. नागपंचमीची कहाणी तुम्ही लहानपणी ऐकली असेल. शेतकरी नांगर धरतो, नांगराच्या फाळाने वारुळातली नागिणीची पिल्लं मरतात आणि पुढचं सगळं रामायण घडतं. म्हणून त्या दिवशी नांगरायचं नाही, खणायचं नाही. नागिणीच्या सूडाचा भाग बाजूला ठेवू. सापाला असा सूड धरता येत नाही. पण श्रावणात जमिनीखाली सापाची पिल्लं असतात, हे निरीक्षण अगदी अचूक आहे. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या सुरुवातीला घातलेली बरीचशी अंडी साधारण दोन महिन्यांनी फुटतात.

सगळेच साप अंडी घालत नाहीत, हेही इथेच सांगतो. घोणस, फुरसं, हरणटोळ आणि मांडूळ यांची पिल्लं थेट जन्माला येतात. नाग, मण्यार, धामण, दिवड, तस्कर, कवड्या आणि अजगर हे अंडी घालणारे. नुसतं अंडं पाहून ते कुणाचं आहे हे छातीठोकपणे सांगणं जाणकारालाही अवघड जातं. नागाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतानाच विष घेऊन येतं आणि वीतभर असताना फणाही काढतं. तेव्हा "धामणीची असतील" अशा अंदाजावर घरातल्या डब्यात अंडी ठेवणं म्हणजे हौसेपायी घरच्यांचा जीव टांगणीला लावणं आहे.

शिवाय कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात 'प्राणी' या शब्दाच्या व्याख्येत पिल्लं आणि अंडीसुद्धा येतात. 'शिकार' या शब्दाची व्याख्या तर अनेकांना चकित करते. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, किंवा नुसती त्यांची अंडी अथवा घरटं विस्कटणं, हेही त्या व्याख्येत बसतं. म्हणून अंडी दिसली की पहिलं काम उचलणं नव्हे. पहिलं काम म्हणजे हात मागे घेणं आणि वनखात्याला कळवणं. वनखात्याचा १९२६ हा मदत क्रमांक त्यासाठीच आहे. त्यांच्या परवानगीशिवाय मीही अंड्याला हात लावत नाही.

कुणी म्हणेल, आमचा साप परदेशी आहे. आफ्रिकेतला बॉल पायथन पाळणारे लोक मुंबई परिसरातही आहेत. त्यांच्यासाठीही आता नियम आहेत. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीत ज्या परदेशी प्राण्यांची नावं आहेत, ते बाळगणाऱ्यांना नोंदणी करावी लागते. त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये आले. सगळ्या जातींचे अजगर त्या यादीत आहेत. पिल्लं झाली, तर त्यांचीही नोंद द्यावी लागते. तेव्हा अंडी उबवण्याची पेटी सजवण्याआधी कागदपत्रं पाहावीत.

आता बुरशीकडे वळू. बुरशीचे बीजाणू हवेत, मातीत, आपल्या हातांवर, सगळीकडे असतात. त्यांना रुजायला तीन गोष्टी लागतात. ओल, कोंडलेली हवा आणि खाद्य. लोणच्याच्या बरणीचा अनुभव आठवा. तेलात बुडालेल्या फोडी ठीक राहतात. एखादी फोड वर उघडी राहिली, की बुरी धरते ती तिच्यावर. अंड्यांच्या ढिगात असंच होतं. जे अंडं फळलेलंच नव्हतं, किंवा ज्यातला जीव आधीच गेला आहे, ते बुरशीचं खाद्य. जिवंत अंड्याचं चिवट कवच आणि त्याखालची पटलं शाबूत असतात, त्यामुळे ते बऱ्याच अंशी स्वतःचं रक्षण करतं. म्हणजे बुरशीने अंडं मारलं असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक वेळा अंडं आधी मेलेलं असतं आणि बुरशी मागाहून येते. गिधाड दिसलं म्हणून गिधाडाने गुरू मारलं असं आपण म्हणत नाही, तसंच हे.

याचा पडताळा आमच्याच एका सोसायटीत मिळाला. तिथे बागेच्या कोपऱ्यात पालापाचोळ्याचा खतखड्डा आहे. माळ्याला त्यात अंडी दिसली. वनरक्षक येऊन पाहून गेले. खड्ड्याला कुणाचा उपद्रव नव्हता, म्हणून अंडी हलवायची नाहीत असं ठरलं. भोवती दोरी बांधली, पाटी लावली आणि मुलांना समजावलं. कुजत्या पाचोळ्यात बुरशीचं राज्यच असतं. पांढरे धागे अंड्यांच्या अंगाला लागलेले दिसत होते. कुणी ते पुसले नाहीत, औषध मारलं नाही. श्रावण संपता संपता पाचोळ्यात फाटलेली रिकामी कवचं सापडली. पिल्लं कधी निघून गेली, कुणाला कळलंही नाही. अंडी वाचवण्याचा सर्वांत चांगला मार्ग हाच. जिथे आहेत तिथेच राहू देणं.

पण जिथे पाया खणायचा आहे तिथे दोरी बांधून भागत नाही. अशीच एक वेळ एका पावसाळ्याच्या सुरुवातीला आली. भरावाच्या कडेला उरलेल्या जुन्या बांधात जेसीबी लागला होता. चालकाला मातीत पांढरं काही दिसलं आणि त्याने यंत्र थांबवलं. त्या माणसाचं मला आजही कौतुक वाटतं. मजुरीच्या दिवसात यंत्र थांबवणं सोपं नसतं. धामण तिथून निसटताना सगळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे अंडी कुणाची हा प्रश्न नव्हता. वनखात्याला कळवलं, त्यांनी येऊन नोंद केली आणि अंडी हलवायला सांगितलं. एकूण तेरा अंडी. त्यांपैकी नऊ एकमेकांना चिकटून त्यांचा गड्डा झालेला, चार सुटी.

अशी अंडी उचलण्याची एक रीत आहे. कोंबडी आपली अंडी सारखी फिरवते, ते आपण पाहिलेलं असतं. म्हणून लोक सापाचीही अंडी हातात घेऊन उलटीपालटी करतात. इथेच घात होतो. कोंबडीच्या अंड्यात बलक दोन्ही बाजूंनी दोऱ्यांसारख्या पिळांनी तोललेला असतो. सापाच्या अंड्यात ती सोय नाही. घातल्यानंतर लवकरच त्यातला गर्भ वरच्या बाजूला चिकटतो. अंडं उलटलं, की तो खाली जाऊन दबतो. म्हणून उचलण्याआधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने हलकी खूण करायची आणि शेवटपर्यंत ती खूण वरच ठेवायची. चिकटलेला गड्डा सोडवायचा नाही. ओढलं तर कवच फाटतं.

अंडी एका झाकणाच्या डब्यात ओलसर कोकोपीटवर ठेवली. आता ओलसर म्हणजे किती? परदेशी पुस्तकांत वजनाला वजन पाणी घाला, असं सांगितलेलं असतं. ते सल्ले कोरड्या, हीटर लावलेल्या घरांसाठी लिहिलेले असतात. आपल्याकडे जुलैत चपलांना, पट्ट्यांना आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना बुरशी येते. त्या हवेत तेवढं पाणी घातलं तर अंडी चिखलात बसल्यासारखी होतात. मी साधी खूण सांगतो. कोकोपीट मुठीत घट्ट दाबावं. गोळा व्हावा, पण बोटांतून पाण्याचा थेंब पडू नये. उष्णतेचंही तसंच. पावसाळ्यात आमच्याकडे खोलीत साधारण २६ ते ३० अंश सेल्सिअस तापमान असतं. धामणीच्या अंड्यांना ते पुरतं. वर बल्ब लावण्याची गरज नसते, उलट त्याने झाकणाला वाफ धरते आणि तेच पाणी अंड्यांवर ठिबकतं.

दहाव्या दिवशी बुरशी दिसली. सुट्या अंड्यांपैकी एक पिवळट, मेणचट झालेलं होतं, त्यावर पांढरी लव आली होती. आणि गड्ड्याच्या मधोमध असलेल्या एका अंड्यावर हिरवट-काळा डाग पसरत होता. तिथे असलेल्या प्रत्येकाने एकेक सल्ला दिला. कुणी म्हणालं, सगळी फेका. कुणी म्हणालं, डेटॉलने पुसा. कुणी मिठाचं पाणी सुचवलं. सगळ्यांची कळकळ खरी होती. पण अंड्याचं कवच सच्छिद्र असतं. त्यातून हवा आणि पाणी आत जातं, तसं आपण लावलेलं औषधही जातं. जंतुनाशकाने बुरशी मरेल, पण आतल्या जिवाचं काय?

अशा वेळी उपाय करण्याआधी परीक्षा करायची. खोलीत अंधार करून अंड्याला बारीक झोताची बॅटरी लावली, की जिवंत अंड्यात तांबूस उजेड आणि लाल शिरांचं जाळं दिसतं. मेलेल्यात नुसता पिवळा किंवा गढूळ उजेड. वास हीही खूण आहे. जिवंत अंड्याला मातीचा वास येतो, मेलेल्याला कुजका. सुटं पिवळं अंडं गेलेलं होतं, ते काढून टाकलं. गड्ड्यातल्या डागाळलेल्या अंड्यात मात्र शिरा स्पष्ट दिसत होत्या. वरून पाहिलं तर ते सगळ्यांत वाईट अंडं होतं आणि आतून अगदी धडधाकट.

मग जे केलं ते इतकंच. पाणी घालणं थांबवलं. झाकणाला आणखी भोकं पाडली. रोज एकदा झाकण उघडून दोन मिनिटं हवा खेळू दिली. कोरड्या कापसाच्या बोळ्याने वरची लव हलक्या हाताने टिपली, घासली नाही. बोळा दर अंड्याला नवा, नाहीतर आपणच बीजाणू या अंड्यावरून त्या अंड्यावर नेतो. साप पाळणारे काही अनुभवी लोक पायाच्या बुरशीवर मिळते ती औषधी पावडर चिमूटभर भुरभुरतात. ती वापरायचीच झाली तर मेलेल्या अंड्यावर, त्याला चिकटलेलं जिवंत अंडं सांभाळून. गड्ड्यातलं मेलेलं अंडं काढता येत नाही, म्हणून त्याच्याभोवती कोरडं शेवाळ ठेवायचं. ते ओल शोषून घेतं आणि बुरशीची वाट अडते.

पुढे गड्ड्यातली आणखी दोन अंडी गेली. आत खचली, रंग बदलला. इथे एक सावधगिरी. अंडं खचलं म्हणजे मेलंच असं नाही. सुरुवातीला खड्डा पडला तर ते तहानलेलं असू शकतं. कडेच्या कोकोपीटला थोडं पाणी दिलं की पुन्हा फुगतं. शेवटच्या आठवड्या-दोन आठवड्यांत पडलेला खड्डा तर पिल्लू बाहेर येण्याची तयारी असते. त्या टप्प्यावर घाबरून अंडं फेकणं म्हणजे उंबरठ्यावर आलेल्या पाहुण्याच्या तोंडावर दार लावणं.

अठ्ठावन्नाव्या दिवशी पहिल्या अंड्याला चीर पडली. पिल्लाच्या तोंडाच्या टोकाला एक इवलासा दात असतो. कवच कापायचं आणि मग गळून पडायचं, एवढंच त्याचं काम. चिरेतून नाकपुडी दिसली, मग डोळा. पिल्लू डोकं बाहेर काढून दिवसभर तसंच बसतं, पोटाशी उरलेला बलक आत ओढून घेत असतं. त्याला ओढून काढायचं नाही. तीन दिवसांत तेरापैकी दहा पिल्लं बाहेर आली. त्यांतलं एक त्या काळ्या डागाच्या अंड्यातलं होतं. वनखात्याच्या माणसांसमोर आम्ही ती बांधाच्या उरलेल्या भागात, उंदरांच्या बिळांजवळ सोडली. फूट-सव्वा फुटाची, मोठ्या डोळ्यांची पिल्लं गवतात शिरली, तेव्हा कुणीच काही बोललं नाही.

सगळीच बुरशी निरुपद्रवी असते, असं मात्र माझं म्हणणं नाही. २०१० मध्ये आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवरील समुद्री कासवांच्या अंड्यांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फ्युजेरियम नावाच्या बुरशीने तिथली अंडी रोगट होऊन मरत असल्याचं त्यात दाखवलं होतं. म्हणून स्वच्छता हवीच. दर वेळी कोकोपीट नवं घ्यावं, डबा उकळत्या पाण्याने धुऊन वाळवावा, अंड्यांजवळ जाताना हात धुवावेत. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी सांभाळली जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने ते काम उभं केलं. तिथेही अंडी लवकरात लवकर, न उलटवता हलवायची, कुंपणात मादीच्या घरट्यासारखाच खड्डा करायचा आणि मग थांबायचं, हीच रीत. अंडं कासवाचं असो वा सापाचं, त्याला उबवणारा हात कमीत कमी लुडबूड करणारा हवा.

श्रोतेहो, धामणीची दहा पिल्लं वाचली म्हणून जगाचं काय भलं झालं, असं कुणी विचारील. धामण बिनविषारी, उंदरांवर जगणारी. ज्या भागात गोदामं आहेत, कंटेनरची ठाणी आहेत, जुनी भातखाचरं अजून तग धरून आहेत, तिथे उंदरांचा बंदोबस्त ती फुकटात करते. हा झाला हिशेब. हिशेबापलीकडचीही एक गोष्ट आहे. बुरशी दिसताच वस्तू टाकून देण्याची आपल्याला सवय आहे आणि पाव, लोणचं, पापड यांच्या बाबतीत ती योग्यच आहे. अंडं ही वस्तू नाही. वरच्या डागावरून आतल्या जिवाचा निकाल लावण्याआधी बॅटरी लावून पाहावं.

तेव्हा यंदाच्या पावसाळ्यात तुमच्या बांधावर, बागेत किंवा बांधकामावर अशी अंडी दिसली, तर एवढं लक्षात ठेवा. हात लावू नका, उलटवू नका, घरी नेऊ नका. जागेला धोका नसेल तर भोवती दोरी बांधा आणि दोन महिने वाट पाहा. धोका असेल तर काम थांबवा आणि वनखात्याला कळवा. आणि ती सांभाळण्याची जबाबदारी रीतसर ज्याच्याकडे आली असेल, त्याने बुरशी पाहून घाबरू नये. पाणी कमी करावं, हवा वाढवावी, आणि धीर धरावा.